बडोद्यात रोज थोडं बाहेर: एक जागा, एक वेळ आणि वर्षभराचं बघणं

पाहुणे यायचे म्हटले की बडोदेकराची यादी तयार असते: लक्ष्मीविलास पॅलेस, कमाटी बाग, सुरसागर, एक दिवस पावागड, जमलंच तर केवडिया. पाहुणे गेले की यादी मिटते आणि आपण म्हणतो, इथं आता बघायचं उरलंय काय? पाहुणा एकदाच बघणार, म्हणून त्याला जागा मोठी आणि नावाजलेली लागते. आपण इथेच राहतो, तीच जागा आपल्याला शंभरदा बघता येते, आणि हा फायदा आपण फुकट घालवतो. परवा वडाची फळं हिरवी होती हे ठाऊक असेल तरच आज ती लाल झालेली डोळ्यात भरतात. नव्या माणसाला ते फक्त एक झाड दिसतं.

खाली सांगितलेली सगळी पद्धत या एवढ्याच गोष्टीवर उभी आहे. सामान फार लागत नाही: टोपी, पाण्याची बाटली, एक वही. दुर्बीण पुढेमागे घ्यावीशी वाटली तर ८ बाय ४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. दुकानदार जास्त आकड्याची दाखवेल, पण जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण हातात हलते आणि पक्षी चौकटीत सापडतच नाही.

पायरी १: जागा ठरवा आणि मग ती बदलू नका

जागा घरापासून पायी दहा मिनिटांत हवी. त्याहून लांब असली की स्कूटर निघते, स्कूटर निघाली की "येताना दूध आण, औषध आण" सुरू होतं आणि तिसऱ्या दिवशी बेत बारगळतो. तिथे काय हवं? एक मोठं झाड, पूर्वेचं किंवा पश्चिमेचं थोडं मोकळं आकाश आणि टेकायला काहीतरी. पाणी असेल तर दुधात साखर.

फत्तेगंज, सयाजीगंजकडे राहणाऱ्यांना कमाटी बाग आहेच. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्यांना सुरसागरचा काठ जवळ. गोत्रीकडच्यांनी गोत्रीचा तलाव धरावा. मांजलपूर, मकरपुऱ्यात सोसायटीची बागही पुरते, तिथे फक्त लॉन आणि शोभेची पामची रांग नसावी एवढं बघा. लॉनवर काही घडत नाही. कोपऱ्यातल्या दुर्लक्षित कडुनिंबाखाली, पालापाचोळा न झाडलेल्या जागी घडतं.

कमाटी बाग निवडलीत तर एक इशारा. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली उभारलेली ही बाग शंभर एकरांहून मोठी आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माणूस फेरी मारायच्या नादाला लागतो. सकाळी तिथे येणारे बहुतेक जण फेऱ्या मोजतात, त्यांना मोजू द्या. तुम्ही एक कोपरा घ्या: एक वड, एक बाक, समोरचा रस्त्याचा तुकडा. बाकीची बाग पाहुण्यांसाठी राखून ठेवा.

आजूबाजूला काहीच नसेल तर अगाशी, म्हणजे गच्ची, आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण माझ्या मते बडोद्यातली सगळ्यात दुर्लक्षित जागा तीच.

पायरी २: वेळ

रोज एकच वेळ धरा आणि वीस मिनिटं पुरे समजा. बडोद्यात सूर्य जूनमध्ये सहाच्या जरा आधी उगवतो आणि जानेवारीत सव्वासात उलटून. उगवल्यानंतरचा तास सर्वांत चांगला. एप्रिल ते जून पारा चाळीसच्या आसपास असतो, तेव्हा आठनंतर बाहेर बसण्यात शहाणपणा नाही. पक्षीही तोवर सावलीत जाऊन चोच उघडी टाकून बसलेले असतात. हिवाळ्यात उलट, नऊ-दहाचं ऊन धरलंत तरी चालतं. मगरी बघायच्या तर तीच वेळ लागते.

ज्यांची सकाळ डबे भरण्यात जाते त्यांनी संध्याकाळ घ्यावी. दिवेलागणीच्या आधी काळे शराटी हे पक्षी ओळीनं डोक्यावरून रातथाऱ्याला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांकडे जातात. लांब, खाली वळलेली चोच आणि डोक्यावर लाल डाग. त्यांचा मोठा, कर्कश आवाज एकदा ओळखीचा झाला की स्वयंपाकघरातूनही कळतं.

पायरी ३: पहिला आठवडा फक्त वडाखाली

बडोद्यात वडाला तोटा नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. पहिली पाच मिनिटं काही होणार नाही. तुम्ही आलात म्हणून खारी गप्प झालेल्या असतात, साळुंक्या जरा लांब सरकतात. फोन खिशात ठेवा आणि थांबा. दहाव्या मिनिटाच्या आसपास झाड तुम्हाला विसरतं.

आधी कान लावा. एकसुरी "टुक्-टुक्-टुक्" म्हणजे तांबट. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ लाल, आणि आवाज असा की तो नक्की कुठे बसलाय याचा पत्ताच लागत नाही. घारीसारखी किंचाळी ऐकू आली, पण वर घार दिसत नाही, तर फांद्यांमध्ये राखी धनेश शोधा: करडा, लांब शेपटीचा, चोचीवर छोटं शिंग. हे पक्षी इतक्या रहदारीच्या शहरात राहतात यावर बाहेरगावच्यांचा विश्वास बसत नाही. उन्हाळ्यात धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा आणि चिखल यांनी तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. उघडी राहते ती फक्त एक उभी फट. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून भरवतो. नर सारखा एकाच खोडाशी येतोय असं दिसलं तर लांबूनच बघा, खाली गर्दी करू नका आणि ती जागा फोटोसकट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे चार कॅमेरे उभे राहतात.

मग जमिनीकडे वळा. वडाचं पिकून पडलेलं लाल फळ उचला आणि नखानं दुभंगा. आत जे बारीक, दाटीवाटीनं भरलेलं दिसतं ती वडाची फुलं. वड बाहेर फुलत नाही, फळाच्या पोटात फुलतो. त्या फुलांपर्यंत पोचतं एक चिलट. नेहमीच्या मराठीत त्याला निराळं नाव नाही, पण ते आहे वडाचंच, दुसऱ्या झाडाकडे जात नाही. मादी फळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत घुसते. ते छिद्र इतकं अरुंद की तिचे पंख तिथेच तुटतात. आत ती सोबत आणलेला पराग टाकते, अंडी घालते आणि मरते. पुढच्या पिढीतले नर जन्मतःच बिनपंखांचे. ते बाहेरच्या जगात उडायला येतच नाहीत, आतच माद्यांशी जुळतात आणि त्यांच्यासाठी बाहेर पडायची वाट पोखरतात. पंख असलेल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या वडाकडे निघतात. आपण ज्या झाडाला ज्येष्ठ पौर्णिमेला दोरा गुंडाळतो, त्याचा संसार या चिलटावर चालतो. भिंग असेल तर कच्चं आणि पिकं अशी दोन फळं शेजारी ठेवून बघा, मुलं तासभर हलत नाहीत.

आठवड्यानंतर एक काम जोडा. घरी जाताना जुन्या भिंती बघत चला. दांडिया बाजाराकडच्या जुन्या वाड्यांच्या छज्ज्यांवर, पाइपाच्या सांध्यात वडा-पिंपळाची रोपं फुटलेली दिसतील. ती कोणी लावली नाहीत, फळं खाल्लेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून बी तिथे पडलं. घरमालकाला तो ताप आहे हे खरं, पण झाड कसं प्रवास करतं ते इथे उघड दिसतं.

पायरी ४: अगाशीवरून सूर्य मोजा

यासाठी फक्त हात लागतो. हात पूर्ण ताणला की मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते आणि करंगळीची १ अंश. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब जमतो.

अगाशीवर एक जागा खडूनं आखून घ्या आणि नेहमी तिथेच उभे राहा. वहीत पूर्वेचं क्षितिज काढा: कुठली पाण्याची टाकी, कुठला टॉवर, कुठलं झाड. दर रविवारी सूर्य कशाच्या मागून उगवला ते त्यावर टिपा. डिसेंबरच्या शेवटी तो सगळ्यात दक्षिणेला, जूनच्या शेवटी सगळ्यात उत्तरेला, आणि बडोद्याच्या अक्षांशावर या दोन टोकांमध्ये सुमारे ५० अंश, म्हणजे पाच मुठींचं अंतर. पण हे सरकणं सारखं नसतं. डिसेंबर आणि जूनमध्ये दोन-दोन आठवडे सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं. मार्च आणि सप्टेंबरमध्ये मात्र एका आठवड्यात तीन करंगळ्या सरकतो. "उत्तरायण" आपण पतंगाशी जोडून टाकलंय. अगाशीवरच्या या नोंदीत ते क्षितिजावर प्रत्यक्ष दिसतं.

याच अगाशीवरून पावागडही दिसतो, तुमच्या पूर्वेला नवा टॉवर उठला नसेल तर. गड शहरापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, उंची साधारण ८०० मीटर आणि मधे सगळं सपाट. पूर्वेला तोंड करा आणि थोडे डावीकडे, म्हणजे ईशान्येकडे वळा. करंगळीच्या रुंदीपेक्षा जेमतेम जास्त उंचीचा निळसर त्रिकोण दिसेल. एरवी धूळ आणि धूर यांत तो हरवतो. पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर किंवा ऑक्टोबरच्या सकाळी स्वच्छ दिसतो. जूनमध्ये सूर्य त्याच्या जवळपासच उगवतो, पण क्षितिज मोकळं मिळायला नशीब लागतं.

आणि बिनसावलीची दुपार. कर्कवृत्त बडोद्याच्या उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर आहे, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: जूनच्या ३ तारखेच्या आसपास आणि परत जुलैच्या ९-१० तारखेच्या आसपास. जुलैत ढग असतात, म्हणून जूनचा दिवस धरा. दुपारी साडेबाराला अगाशीवर सपाट फरशी बघा आणि उभा, सरळ कडांचा स्टीलचा ग्लास पालथा ठेवा. १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास त्याची सावली चारही बाजूंनी आत जाते. हे जेमतेम एक-दोन मिनिटं टिकतं. फरशी तापलेली असते, चप्पल घालून जा. हे सांगावं लागतं, कारण उत्साहात मुलं अनवाणी पळतात.

रात्रीचं थोडक्यात: शहराच्या उजेडात तारे कमी दिसतात, पण डिसेंबर ते मार्च संध्याकाळी मृग नक्षत्र आणि त्याच्या खालच्या बाजूला व्याध कुठल्याही अगाशीवरून दिसतात. गुरू आकाशात असेल तर साधी दुर्बीण कठड्यावर टेकवून धरा, त्याच्या बाजूला एका ओळीत दोन-तीन ठिपके दिसतात. ते त्याचे चंद्र.

पायरी ५: विश्वामित्री, मगरींसकट

भर वस्तीतून वाहणाऱ्या नदीत रानटी मगरी राहतात हे बडोद्याचं वैशिष्ट्य, आणि आपण ते पूर आल्यावरच आठवतो. ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी रस्त्यांवर, अंगणांत आल्या तेव्हा देशभर व्हिडिओ फिरले. एरवी त्या तिथेच असतात आणि आपण पुलावरून हॉर्न वाजवत जातो.

बघायचं कसं? डिसेंबर ते फेब्रुवारी, थंडीच्या दिवशी, सकाळी नऊ-दहानंतर, आणि पुलावरून. काळाघोड्याजवळचा पूल सोयीचा. मगरीचं रक्त थंड, रात्रभर गारठलेलं अंग तापवायला ती उताराच्या चिखलावर येऊन पडते. आधी लाकूड वाटेल. मग त्या लाकडाला शेपटीवरचे दाते दिसतील. तोंड उघडं टाकून पडलेली असेल तर ती रागावलेली नाही. जबडा उघडून ती अंगातली जादा उष्णता घालवत असते. काठावर शेपटी घसरल्याची गुळगुळीत पन्हळ आणि बाजूला पंजांचे ठसे दिसतात, दुर्बीण असेल तर तेही शोधा. सोबत कासवं, पाणकावळे आणि बगळे असतातच.

काही नियम असे आहेत की त्यात सूट नाही. पुलाखाली, नदीच्या उतारावर उतरायचं नाही. फोटोसाठीही नाही आणि "आमचं रोजचं आहे" म्हणूनही नाही. मार्च ते जून तर मुळीच नाही: तेव्हा माद्यांनी काठावर खड्डे करून अंडी घातलेली असतात आणि त्या त्यांची राखण करतात. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. मगरींना काही खायला टाकायचं नाही. मगर घराजवळ दिसली तर लोकांना बाजूला करून वनखात्याला कळवायचं. बडोद्यात या कामाला सरावलेले लोक आहेत. पावसाळ्यात नदी चढलेली असताना पुलावर घोळका करून उभं राहू नका. आजवा तलावाची पातळी किती फूट झाली, हे तेव्हा घरी बसून मोबाइलवर बघितलेलं बरं.

पायरी ६: वही

रोज तीन ओळी. तारीख, वेळ, आकाश कसं होतं. मग एक गोष्ट जी बदलली. मग एक प्रश्न. उदाहरणार्थ: "कडुनिंबाला मोहर, खाली पांढरा सडा. मुंग्या वर जाताना रिकाम्या, येताना काय घेऊन येतात?" एवढं पुरे. "आजची सकाळ प्रसन्न होती" असलं लिहू नका, वर्षानं वाचताना त्यातून काही कळत नाही.

नाव ठाऊक नसलं तर अडायचं नाही, वर्णन लिहा. पक्ष्याच्या आवाजासाठी मर्लिन आणि झाडा-किड्यांच्या फोटोसाठी आयनॅचरलिस्ट ही फुकट अ‍ॅप्स कामाची आहेत. पण आधी पाच मिनिटं स्वतः बघा आणि मगच फोन काढा. अ‍ॅपनं नाव सांगितलं की डोळे बघायचं थांबवतात. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, झाडांच्या बाबतीत ते अ‍ॅपपेक्षा बरे. फक्त नाव सांगताना सोबत काढ्याची कृतीही ऐकावी लागते.

पायरी ७: वर्ष कसं फिरतं

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पळस. इथले लोक ज्याला केसुडा म्हणतात त्या पळसाची फुलं होळीच्या आधी बाजारातही येतात. फुललेल्या सावरीवर भोरड्या तुटून पडतात: गुलाबी अंग, काळं डोकं, प्रचंड कलकलाट. त्या जुलै-ऑगस्टमध्येच मध्य आशियाकडून येतात आणि एप्रिलपर्यंत निघून जातात. हिवाळ्यात संध्याकाळी रातथाऱ्यावर उतरण्यापूर्वी त्यांचा अख्खा थवा आकाशात एकदम वळतो, उलगडतो, परत गोळा होतो. असा थवा दिसला तर पुढचे काही दिवस त्याच वेळी तिथे जा, जागा सहसा तीच असते.

एप्रिल-मेमध्ये बहावा आणि मग गुलमोहर. खंडेराव मार्केटमध्ये पिवळ्याधमक रायण, म्हणजे खिरण्या, येतात. त्या खाताना चिकानं ओठ चिकटतात, तरी थांबवत नाही. जूनमध्ये चातक येतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर मोकळ्या मैदानात मखमली लाल मृगाचे किडे शोधा. ते फार थोडे दिवस वर असतात, आणि त्यांना डबीत भरून घरी नेण्यात काही अर्थ नाही. पावसाळ्यात शहराबाहेर विहिरीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींची वसाहत सापडली तर दर आठवड्याला जा. नर घरटं अर्धं विणतो आणि मादी येऊन तपासते. नापसंत घरटी तशीच अर्धवट लटकलेली दिसतात. मोजून बघा किती.

ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी एखाद्या रस्त्यावर उग्र गोड वास दाटला तर वर बघा, सातवीण असते. त्यानंतर बुचाची फुलं: लांब नळीची, पांढरी, पहाटे जमिनीवर पडलेली.

१४-१५ जानेवारीला सगळं बडोदं अगाशीवर असतं. पतंग उडवा, पण पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी दोर खाली घ्या. त्याच वेळी पक्षी रातथाऱ्यावरून निघतात आणि परततात. चायनीज मांजा आणूच नका, त्यावर बंदी आहे. जखमी पक्ष्यांसाठी त्या दिवसांत सरकारचं करुणा अभियान चालू असतं. त्यांचा नंबर सणाआधीच फोनमध्ये भरून ठेवा.

पायरी ८: सुट्टीचा एक दिवस

घराजवळची जागा थोडी मुरली की बाहेर पडा, आधी नको. डोळा तयार नसेल तर वढवाणा काय आणि घरामागचं डबकं काय, सारखंच.

वढवाणा मात्र जायलाच हवं. डभोईच्या पुढे, बडोद्याहून तासा-सव्वा तासावर, १९१०च्या सुमारास गायकवाडी राज्यानं शेतीसाठी बांधलेला हा तलाव. पाणी ओरसंग नदीचं. २०२१ साली त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस, आणि पोचायचं उजाडताना. म्हणजे बडोद्याहून अंधारातच निघायचं, थर्मासमध्ये चहा घेऊन. तलावाच्या बांधावरून चाला, सूर्य पाठीशी येईल अशी बाजू धरा, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतात. भडक कपडे नकोत.

पक्षी हजारोंनी असतात, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. एक-एक करून घ्या. काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले ते वारकरी. रुंद, पसरट चोचीनं पाणी गाळणारे थापट्या. उथळ पाण्यात मान डावी-उजवी फिरवत जाणारे चमचे. मग पट्टकादंब शोधा: करडा हंस, पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे. तिबेट, लडाख, मंगोलियाच्या बाजूला त्यांची वीण होते आणि हिवाळ्यात ते हिमालय ओलांडून येतात. ते बहुधा काठच्या शेतात चरताना किंवा कडेला झोपलेले दिसतात. एका थव्यासमोर अर्धा तास बसा. कोणीतरी एक पक्षी मान वर करून पहाऱ्याला असतो. थोड्या वेळानं त्याची पाळी संपते, तो मान खाली घालतो आणि दुसरा मान वर काढतो. पक्ष्यांना गाठिया टाकणारी मंडळी भेटतील. गाठिया माणसांनी खावा, आणि तोही बेतानं.

परतताना डभोईत हिरा भागोळ बघा, तिथलं कोरीव काम थांबून बघण्यासारखं आहे. याच डभोईहून मियागामपर्यंत १८६२ साली भारतातली पहिली नॅरोगेज सुरू झाली. तेव्हा डबे बैल ओढायचे.

दुसरा दिवस कावी-कंबोईला ठेवा, जंबुसरच्या बाजूला, खंभातच्या आखाताच्या काठी. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं आणि ओहोटीला परत वर येतं. आखात आत येत निमुळतं आणि उथळ होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी दाबलं जाऊन फार उंच चढतं. देशातल्या सगळ्यात मोठ्या भरती-ओहोटींपैकी ही एक आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ काढून घ्या, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं. दर्शन उरकून लगेच गाडीत बसू नका. तिथेच तीन-चार तास काढा आणि एक दगड नजरेत धरून पाणी चढताना बघा. ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात लांब चालत जाऊ नका. पाणी परत येतं तेव्हा वेगानं येतं आणि पाय रुतलेले असतात.

चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यावर पुष्कळ लिहिलेलं मिळेल. मी एवढंच सांगेन की पावसाळ्यात जा आणि खडक बघत चढा. खाली काळा बेसॉल्ट, वर फिक्या रंगाचा रायोलाइट, दोन्ही लाव्हाचेच. विश्वामित्रीही याच डोंगरात उगम पावते.

अर्धाच दिवस असेल तर सेवासीची विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. उन्हाळ्याच्या दुपारी जा आणि प्रत्येक मजला उतरताना हवा कुठे गार होते ते अंगावर तपासा.

पायरी ९: परगावी गेल्यावर

प्रवास गाडीतच सुरू होतो. मुंबईकडे जाताना बडोद्याहून निघाल्यावर साधारण तासाभरात भरूच येतं. तिथे नर्मदेवर शेजारी १८८१चा गोल्डन ब्रिज दिसतो. सगळे पुलाकडे बघतात, तुम्ही पाण्याकडे बघा. समुद्र जवळ असल्यानं तिथपर्यंत भरती पोचते. पाणी कुठल्या दिशेला चाललंय, काठचा चिखल ओला आहे की सुकलेला, यावरून भरती की ओहोटी ते ओळखायचा प्रयत्न करा. जाताना आणि येताना वेगळं उत्तर मिळालं की प्रवास वसूल.

पोचल्यावर पहिल्या सकाळी स्थळदर्शनाच्या आधी मुक्कामाभोवती वीस मिनिटं चाला. घरी जे विचारता तेच इथे विचारा: सगळ्यात मोठं झाड कुठलं, पहाटे पहिला आवाज कोणाचा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. चहाच्या टपरीवर "इथं बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलंत तर देवळाचं आणि मॉलचं नाव मिळेल. "संध्याकाळी तुम्ही लोक कुठे जाऊन बसता?" असं विचारा, उत्तर वेगळं येतं. मग मुक्कामाच्या सगळ्या दिवसांत त्या एका जागी रोज जा, यादीतली दोन ठिकाणं गळाली तरी हरकत नाही.

बडोदेकरांचे नातेवाईक पुण्या-मुंबईइतकेच इंदूर-ग्वाल्हेरलाही असतात. ग्वाल्हेरला किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती सकाळच्या तिरक्या उन्हात बघा, दुपारी त्या सपाट दिसतात. इंदूरला सिरपूर तलाव शहरातच आहे, २०२२ पासून तोही रामसरच्या यादीत. तिथे उजाडताना पोचायचं असेल तर लक्षात ठेवा, इंदूर आपल्या पूर्वेला आहे आणि सूर्य तिथे बडोद्यापेक्षा दहा मिनिटं आधी उगवतो. नागपूरला जाणार असाल तर वीस-पंचवीस मिनिटं आधी. गजर त्या हिशोबानं लावा, आणि मावशीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की सकाळचा पहिला चहा बाहेर होईल, पोहे परत आल्यावर.